काळ्या लोकरीचा दोरा

मित्रांनो, एका पत्राला पंधरा वर्षं उत्तर गेलं नाही. ते पत्र माझ्याखाली पडून होतं, म्हणून ही गोष्ट सांगायचं माझ्यावर आलं. मी एक जुना तामचिनीचा टब आहे. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

शहागंजच्या बाजारातून बानाबाईनं मला मुकुंदवाडीला आणलं. तिचा नवरा केरबा मेंढपाळाच्या घरातला पहिला शिकलेला माणूस, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याच्या पायाच्या अंगठ्यावर लोखंडी साचा पडला. नखाखाली पू झाला. घाटीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी नख काढलं आणि बजावलं, "रोज ड्रेसिंग करा. अंगठा काळा पडला, तर कापावा लागेल."

कारखान्याच्या दवाखान्यात ड्रेसिंग करणारा कडुबा पाळी सुटली की घरी येई. उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी माझ्यात ओती. चिकटलेली पट्टी तो कधी ओढत नसे. "वढायचं नाय. भिजू द्यावं, आपसूक सुटतं," म्हणे. मग जखम टिपून, मलम लावून सैल पट्टी बांधी. तो गेला की मला राखेनं दोनदा घासत. मला वाटे, जखमेमुळं. मग एकदा दिसलं, त्यानं चहा प्यायलेली कपबशीही तशीच वेगळी घासत होते. कडुबा दलित वस्तीतला होता.

तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, दंगली पेटल्या आणि गल्लीत माणसं हळू आवाजात बोलू लागली. दुकानांची दारं दुपारीच लागू लागली. केरबाचा थोरला चुलतभाऊ सूर्यभान उंबऱ्यातूनच म्हणाला, "त्या कडुबाला येऊ देऊ नको. उद्या आपल्याच दारावर दगडं येतील."

केरबा भित्रा. त्यानं कडुबाला येऊ नको म्हणून सांगितलं आणि रानातला उपाय काढला. मेंढीचा खूर चिघळला की त्याच्या घरी बिब्ब्याचं तेल लावून काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं आवळत. त्यानं अंगठा तसाच आवळला. मी कोपऱ्यात कोरडा पडून राहिलो. पहिल्या दिवशी फोड आले. दुसऱ्या दिवशी रात्रंदिवस ठणका. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला आणि केरबा खूश झाला. मला मात्र ते थांबणंच भयंकर वाटलं. चौथ्या दिवशी वास सुटला.

"आवो, मेंढीला चार खूर असत्यात," बानाबाई म्हणाली. "तुमाला दोनच पाय हायत!" आणि ती पदर खोचून, पोलिसांच्या गाड्या चुकवत कारखान्यावरून कडुबाला घेऊन आली.

कडुबानं पाय मांडीवर घेतला. मग म्हणाला, "वहिनी, ही मेंढी लई शाणी. सोताच खूर बांधून घेतला."

दोरा मांसात रुतला होता. त्यानं पाय माझ्यात सोडला, दोरा भिजू दिला, मग बारीक कात्रीनं एकेक पीळ कापला. अंगठ्याचं टोक काळंनिळं. त्यानं ते दाबलं, सोडलं, वाट पाहिली.

"रंग आला, रगत फिरतंय," तो म्हणाला. "आता घाटी गाठ. लगीच."

अंगठा वाचला. त्याच आठवड्यात बिडकीनकडच्या गावातलं कडुबाचं राहतं घर जाळलं गेलं.

महिन्यानं लासूर स्टेशनाहून कडुबाचं पत्र आलं. 'पाय बरा का? नख यायला वर्ष लागंल. मी बहिणीकडं हाय. परत यावं म्हणतो. तुझ्या गल्लीत खोली मिळंल का?'

केरबानं उत्तरं लिहिली आणि फाडली. शेवटी पत्र माळ्यावर ठेवून मला त्यावर पालथा घातला.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. त्या आठवड्यात बानाबाईनं कोथिंबीर लावायला मला खाली काढलं, तर पत्रही आलं. आता निवृत्त झालेला केरबा ते हातात घेऊन दुपारभर बसला.

"तिथं असंल का गं तो?"

"इचारल्याबिगर कसं कळंल? पंधरा वर्सं झाकून ठिवलं, आता तरी लिवा."

मित्रांनो, जखम रोज उघडून बघावी लागते. कोरडी पट्टी ओढू नका, दोरा आवळू नका, आणि दुखणं थांबलं तर आधी रंग बघा. जो हात तुमची जखम धुतो, त्या हाताची कपबशी वेगळी घासू नका. मी भांडं आहे, मला एवढंच कळतं.

केरबानं लिहिलं, 'नख वाकडं आलं, पण आलं. चूक माझी होती. खोली माझ्याच घरात आहे. ये.'

अंगणातून मला कोपऱ्यावरची लाल पेटी दिसते. केरबा तिच्यापाशी गेला, परत फिरला, पुन्हा गेला. पत्र आत पडलं, तरी त्याचा हात बराच वेळ पेटीच्या तोंडातच होता.