न बोलावता यायचा सण

जनगणना म्हणजे माणसं मोजायची, एवढंच मला ठाऊक होतं. मिलेनाच्या घरी मात्र या जनगणनेने बापलेकाचं बोलणं बंद पाडलं होतं.

मिलेना इथली, नेदरलँड्समधल्या झूटरमेरची माझी शेजारीण, मूळची मॉन्टेनेग्रोची. तिकडे जनगणनेवाले घरी येऊन राष्ट्रीयत्वही विचारतात आणि तुम्ही सांगाल ते लिहून घेतात. २०२३ मध्ये तिचे वडील वोयिनकाका म्हणाले, "मॉन्टेनेग्रिन." त्याच टेबलाशी बसलेला तिचा भाऊ लूका म्हणाला, "सर्ब." झालं! पुढे लूका नोकरीसाठी इकडेच ब्रेडाला आला, तरी दोघांचा एकमेकांना साधा फोन नाही.

बरं, काकांनी स्वतः १९८१ला 'युगोस्लाव' सांगितलेलं, २००३ला 'सर्ब' आणि मग 'मॉन्टेनेग्रिन'. आपण बदललेलं चालतं, पोरगा बदलला की आभाळ कोसळतं! हे मी त्यांना तोंडावर सुनावणार होते, पण मिलेनाने भाषांतर करायला साफ नकार दिला.

गेल्या डिसेंबरात काका लेकीकडे आले. एकोणीस तारखेला त्यांच्या घराण्याच्या संताचा सण, स्लावा. आपल्या कुलदैवतासारखा तो बापाकडून मुलाकडे जातो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका खिडकीशी बसून म्हणाले, "लूका आला नाही तर आमचा स्लावा माझ्याबरोबरच संपेल."

"मग त्याला बोलवा की!" मी म्हटलं.

"ते नाही बोलावणार," मिलेना म्हणाली.

मला वाटलं, म्हाताऱ्याचा ताठा, दुसरं काय! एका आमंत्रणावाचून रुसलेले व्याही मी थोडे पाहिलेत? मी सरळ लूकाला फोन लावला आणि काकांच्या वतीने चांगलं आग्रहाचं बोलावणं केलं. "जेवायलाच यायचं हं. कारणं चालणार नाहीत." त्याने खाडकन फोन ठेवला.

एकोणीसला दुपारी बेल वाजली. दारात लूका, लालबुंद.

"मला बोलावणारी तू कोण?" तो इंग्लिशमध्ये माझ्यावरच ओरडला. "स्लावाला कुणालाच बोलावत नाहीत, ज्याने त्याने आपणहून यायचं! त्यात मी काय पाहुणा आहे? माझ्याच घरच्या सणाचं मला आमंत्रण?"

मिलेनाने काकांना सगळं सांगितलं. ते ताडकन उठले, माझ्याकडे बोट रोखून गरजले. या वेळी मिलेनाने भाषांतर अगदी हौसेने केलं. "माझ्या मुलाला बोलावणारी ही कोण? तो काय परका आहे?"

लूकाही इंग्लिश विसरला; दोघं मिळून मला झापत होते, तेही एकाच भाषेत. त्या भाषेला नाव काय द्यायचं, यावरही त्यांचं जमत नाही म्हणे. मी खाली मान घालून उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की हसू दाबताना पोट दुखायला लागलं.

दम लागल्यावर काकांनी सणाचा पाव उचलला आणि त्याची एक बाजू लूकापुढे धरली. दोघांनी तो हातात फिरवून मोडला. मग काका त्याला काहीतरी म्हणाले आणि लूकाने डोळे पुसले.

मी मिलेनाकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी स्लावा ब्रेडाला, तुझ्या घरी," तिने काकांचं बोलणं मला सांगितलं. "आणि खबरदार, मला बोलावलंस तर!"