पाटी क्रमांक एक

माझे सासरे किनारा-सुरक्षा कार्यालयात प्रमुख निरीक्षक. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्यांच्या पायाला अजून खारं पाणी लागलेलं नाही. पाहणी करायची ती रस्त्यालगतच्या कठड्यावरून, दुर्बिणीनं, आणि दुर्बीणही आधी रुमालानं पुसून. किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या पाट्या त्यांनीच लिहिलेल्या. त्यातली पहिली लाल अक्षरांत: ‘समुद्राकडे पाठ करू नये.’ या वाक्याचा त्यांना इतका अभिमान, की घरात कोणी खिडकीकडे पाठ करून बसलं तरी त्यांचा जीव वरखाली होतो.

आणि मी सर्फिंग शिकवते.

आमच्या किनाऱ्याची लाट हट्टी आहे. ती फुटत जाते ती डावीकडेच. दहातले आठ जण डावा पाय पुढे ठेवून बोर्डवर उभे राहतात आणि डावीकडे वळले रे वळले, की त्यांची पाठ नेमकी लाटेकडे येते. मग लाटेकडे पाठ करून कसं जायचं, तेच मला शिकवावं लागतं. माझ्या शाळेचा परवाना शुक्रवारी संपत होता, आणि मंगळवारी नोटीस आली. शाळेत पाटी क्रमांक एकचा सर्रास भंग होतो, तरी परवाना का रद्द करू नये? खाली सासऱ्यांची सही. सकाळी याच माणसाला मी चहा करून दिला होता.

“बाबा, ही नोटीस तुम्हाला घरी देता आली नाही?” मी जेवताना विचारलं.

“घरी देता येत नाही. पोच लागते.”

“अहो, शाळा बंद पडेल माझी. सहा वर्षं हाडं झिजवलीत मी तिच्यासाठी.”

“मला वाईट वाटतंय गं,” असं म्हणून त्यांनी आणखी थोडी भाजी वाढून घेतली. “पण सून म्हणून सोडलं तर लोक तोंडात शेण घालतील. तू त्यांना उजवा पाय पुढे ठेवायला सांग ना.”

“सांगून झालं. पोत्यासारखे पडतात.”

मग मीही कंबर कसली. त्यांच्याच कार्यालयाचा पाहणीचा फॉर्म त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि रकाना सातवर बोट ठेवलं: ‘पाहणी अधिकाऱ्याने स्वतः कृती करून खात्री केली काय?’ तिथे सगळे डोळे मिटून ‘होय’ लिहितात. “तुम्ही काय लिहिणार?” मी विचारलं. खोटं लिहिणं बाबांना जमत नाही आणि रकाना रिकामा सोडणं तर त्याहून जमत नाही. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि फॉर्म जवळ ओढला.

बुधवारी सकाळी साहेब किनाऱ्यावर हजर. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी त्यांना दटावून पाण्यातले कपडे आणि लाइफ जॅकेट घालायला लावलं आणि कमरेएवढ्या पाण्यात नेलं. लाटा अगदी लहान होत्या. तरी बाबा अकरा वेळा पडले. बोर्डवर उभे राहायचे ते छान, पण लाट आली की सगळं अंग फिरवून तिच्याकडे तोंड करायचे, आणि धपकन आत. स्वतःच लिहिलेली पाटी माणूस इतकी मनापासून पाळतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

“बाबा, लाटेला सलाम ठोकायला आलोय का आपण?”

“अगं, पण ती मागून येतेय ना.”

“येणारच. तुम्ही गुडघे वाकवा आणि डाव्या खांद्यावरून पुढे बघा. जिकडे जायचंय तिकडे.”

“मग मागे कोण बघणार?”

“कोणीच नाही.”

यावर ते बराच वेळ नाकातलं पाणी काढत राहिले. त्यांच्या कार्यालयात मागे बघायलाच तिघं जण नेमलेत.

बाराव्या लाटेला मात्र त्यांनी मान वळवली, अंग नाही. लाट त्यांच्या पाठीमागे उठली आणि बाबा तिच्यापुढे निघाले. सात-आठ सेकंद असतील. ते मोठमोठ्यानं हसत होते. लग्न होऊन आलेय तेव्हापासून मी त्यांचे इतके दात पाहिले नव्हते. मला इतका आनंद झाला की मी पाण्यातच उड्या मारल्या. बाहेर येऊन त्यांनी हात कोरडे केले, रकाना सातमध्ये ‘होय’ लिहिलं आणि माझ्याकडे एक कोरा कागद मागितला. मला वाटलं, सुटले एकदाची.

त्या कोऱ्या कागदाचं काय झालं ते गुरुवारी कळलं. बाबांनी स्वतःविरुद्ध तक्रार केली होती. पाटी क्रमांक एकचा भंग, कार्यालयीन वेळेत, खुद्द प्रमुख निरीक्षकाकडून. साक्षीदार: सून. चौकशी होईपर्यंत त्यांनी स्वतःला निलंबितही करून घेतलं होतं. त्या आदेशावर देणाऱ्याची सही त्यांची, आणि मिळाल्याची पोचही त्यांचीच.

मी घरभर आदळआपट केली. “डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आता माझा परवाना कोण बघणार?”

“उपनिरीक्षक,” ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले. “मी नसलो की फाइल त्यांच्याकडे जाते.”

या उपनिरीक्षकांना सगळे ‘ठीकसाहेब’ म्हणतात. ते फाइल वाचत नाहीत, नुसतं ‘ठीक’ लिहून पुढे ढकलतात. शुक्रवारी दुपारी माझा नवा परवाना आला.

मी तो हातात घेऊन बाबांसमोर उभी राहिले. “तुम्हाला माहीत होतं.”

“अठ्ठावीस वर्षांत फाइल कुठे जाते एवढंही कळलं नसतं, तर काय उपयोग?” ते म्हणाले. “मला सही करता आली नसती गं. नियमात बसत नव्हतं. आणि बुधवारनंतर ‘रद्द’ लिहायला हात उचलला नसता.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, आणि चौकशी काही तोवर संपणार नव्हती. निलंबित माणसाला निरोप समारंभ मिळत नाही, हा नियमही त्यांनीच केलेला.

“भाषण लिहून ठेवलं होतं मी,” ते जरा ओशाळून म्हणाले. “चारच पानं आहेत. तुला वेळ आहे का?”

तीनचा वर्ग होता, तो मी फोन करून पुढे ढकलला. बाबा फ्रिजपाशी उभे राहिले, घसा साफ केला आणि “सन्माननीय अध्यक्ष महोदय” म्हणून त्यांनी सुरुवात केली. भाषणात पाट्या रंगवणाऱ्याचे आभार होते, दुर्बिणीच्या दुरुस्तीचा सगळा इतिहास होता, समुद्राचा मात्र कुठे उल्लेखही नव्हता. चौथं पान संपलं. मग ते थांबले, कागदांची घडी घातली, आणि मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.