बैलांचं आवतण

"जिवंत पाहिजेत, देवीदासभाऊ. मागच्या वर्षीसारखे थर्माकोलचे नको."

ललितभाऊ फिरत्या खुर्चीतून म्हणाले. ट्रॅक्टरचं शोरूम त्यांना वडिलांकडून मिळालं होतं आणि 'अस्सलपणा' हा शब्द नागपूरच्या हॉटेलातल्या दोन दिवसांच्या शिबिरातून. सणाला धंदा करायचा तर सणाशी अस्सल नातं पाहिजे, असं तिथं एका टाय लावलेल्या माणसानं सांगितलं होतं. त्यामुळे यंदा पोळ्याला अमरावतीत बडनेरा रोडवर, शोरूमपुढे खरी बैलजोडी उभी राहणार होती आणि तिच्या साक्षीनं नव्या मॉडेलवरचा पडदा सरकणार होता. फ्लेक्स छापून आलाच होता: 'बैलाला सलाम, ट्रॅक्टरला काम.'

"जोडी तुम्ही आणायची. मग बघू, फिल्डवर कोण राहील आणि पार्ट्सच्या काउंटरवर कोण."

एवढं देवीदासला समजलं. पार्ट्सच्या काउंटरला जाळी होती, पंखा नव्हता, आणि तिथं बसवलेला माणूस पुन्हा गावोगाव फिरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. फिरून ट्रॅक्टर विकणं सोडून देवीदासला काही येत नव्हतं. सव्वीस वर्षं तो तेच करत आला होता. बाकीचं मात्र त्याला समजलं नाही. थर्माकोलचे बैल खोटे, हे ठीक. पण खरे बैल आणून ट्रॅक्टर विकला की नेमकं काय खरं होतं?

त्यानं जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले.

"बैलं?" नांदगाव खंडेश्वरकडचा एक जण म्हणाला, "तुमीच तर विकाले लावले न भाऊ! गोठ्यात आता तुमचाच ट्रॅक्टर उभा हाये. तो नेता का? शिंगं लावून देतो."

दुपारपर्यंत सगळ्यांनी हेच सांगितलं. आपण नोकरी इतकी चोख केली असेल, याची देवीदासला कल्पना नव्हती.

शेवटी डोमाजी उरला. या म्हाताऱ्याकडून तो अकरा वेळा चहा पिऊन हात हलवत परत आला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, तो बाराव्यांदा पोचला. डोमाजी बाजेवर बसला होता. लकव्यानंतर त्याचा उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला ठेवल्यासारखा मांडीवर पडून असे.

"या ट्रॅक्टरवाले! काहून, या सालचा कोटा राह्यला का?"

"ट्रॅक्टर नाई मामा. बैलं पाह्यजे, उद्याच्या दिवस. गाडी पाठवतो, इज्जतीनं आणून सोडतो."

"कायले?"

देवीदासनं सांगितलं. फ्लेक्सवरची ओळही सांगितली. डोमाजीनं ती दोनदा म्हणून घेतली.

"म्हंजे काम ट्रॅक्टरले अन् सलाम बैलाले. मंग बैलानं खावं काय, सलाम?"

देवीदासनं सवयीनं बाहेर काढलेलं माहितीपत्रक परत पिशवीत सरकवलं.

तेवढ्यात डोमाजीची बायको पार्बताबाई वाटीत हळद-लोणी घेऊन आली. "तुमी बोलतच राह्यसान. दिवस बुडून राहिला. याईचा हात चालत नाई, पोरगा पुण्यात. भाऊ, तुमी चोळून देता का खांदे?"

देवीदासनं बाह्या वर केल्या आणि गोठ्यात बैलांजवळ गेला. ढवळ्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा होता, जुन्या टायरासारखा. 'बैल थकतो, ट्रॅक्टर थकत नाही' हे वाक्य त्यानं हजारदा म्हटलं असेल. बैलाचा खांदा कधी हातानं पाहिला नव्हता. लोणी जिरेपर्यंत तो चोळत राहिला.

"आता म्हणा," पार्बताबाई म्हणाली.

काय म्हणायचं ते लहानपणापासून पाठ होतं. तो ढवळ्याच्या कानाशी वाकला, मग पवळ्याच्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

डोमाजी हसायला लागला. "झालं! आवतन तुमी देल्लं. उद्या जेवू घालनं तुमच्यावर."

"मामा, उद्या अकराले तं शोरूम..."

"मंग घेऊन जा. मी कुठं नाई म्हणून राहिलो? आता पाहुणे तुमचे. सणाच्या दिवशी त्याईले मेटाडोरात भरसान का पाटावर बसवसान, तुमचं तुमी पाहा."

एवढ्या सहज सौदा जमल्याचं देवीदासच्या आयुष्यात पहिलंच उदाहरण होतं. तो रात्रभर तिथंच ओसरीवर तळमळला.

सकाळी मेटाडोर आली. त्यात पुण्याहून मागवलेले फेटे होते. फळी लावली. धुतलेल्या ढवळ्यानं फळीवर एक पाय ठेवला, काढून घेतला आणि कर्जाच्या कागदाचं दुसरं पान वाचल्यावर गिऱ्हाईक बघतं तसं देवीदासकडे बघितलं. देवीदासनं फळी काढायला लावली, फेट्यांसकट मेटाडोर परत धाडली आणि फोन केला.

"साहेब, बैल येत नाहीत. ते जेवायला बोलावलेले आहेत."

"कुणी बोलावलं?"

"मी."

पलीकडे फिरती खुर्ची करकरली. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"समजत नाही, साहेब."

"उद्यापासून पार्ट्सला बसा."

दुपारी शोरूमच्या ग्रुपवर फोटो आला. दोन मेकॅनिकांच्या मानेवर जू, डोक्यावर फेटे, मागे नवं मॉडेल. खाली लिहिलं होतं, 'मातीशी नातं'. अंगठेच अंगठे होते. देवीदासनंही एक अंगठा दाबला. मग तो पुरणपोळीचं ताट घेऊन गोठ्यात गेला.

संध्याकाळी वेशीवरचं तोरण तुटलं, पोळा फुटला. बैल घरोघर न्यायचे होते, आणि डोमाजीला चालवत नव्हतं. कासरा देवीदासच्या हातात आला. तिसऱ्या घराच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता. त्यानं तो सात वर्षांपूर्वी विकला होता, पितळी समई फुकट देऊन. घरातली नवी सून परात घेऊन आली. बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पोळी चारली. मग तिचं लक्ष कासरा धरलेल्या माणसाकडे गेलं. शोरूमचा शर्ट हळदीनं असा माखला होता की खिशावरचं नाव वाचता येत नव्हतं.

"डोमाजीआबाचे नवे गडी का तुमी?"

खिशात व्हिजिटिंग कार्ड होतं. ते काढावं की काय, याचा देवीदासनं थोडा विचार केला.

"हाव," तो म्हणाला.

पोळ्याला बैल आणणाऱ्या गड्याला द्यायचा तो बोजारा तिनं पुढे केला, दहाची नोट आणि वर एक पोळी. बोजारा दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. देवीदासनं कासरा बगलेत धरला आणि हात पुढे केले.