डाव्या कानातला सूर

तीस वर्षांत खर्जकाकांनी कुणालाही वर्गातून घालवलं नव्हतं. त्या मंगळवारी सकाळी घालवलं.

काका जॅझमधला बेस वाजवत, शिकवत आणि आपल्या चार वादकांच्या चौकडीसाठी रचनाही करत. पुरुषभर उंचीच्या त्या वाद्याला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर गेला. त्यामुळे काकांच्या कानाचा दरारा होता. इस्पितळातली ड्युटी सांभाळून शिकणारी, चाळिशीतली नर्सबाई सूर धरून उभी होती आणि काका तिसऱ्यांदा ओरडले, "चढा लागतोय! कान घरी ठेवून आलात का?"

"मला तर बरोबर वाटतोय, काका," ती चाचरत म्हणाली.

"मग तुम्हीच शिकवा! निघा!"

ती डोळे पुसत गेली. काकांनी तणतणत तीच तार छेडली आणि सूर मिळवायचं यंत्र लावलं. काटा बरोबर मधोमध. त्यांनी उजवा कान दाबून ऐकलं. सूर चढा. डावा दाबला. सूर खरा.

चुकत होता तो काकांचाच डावा कान.

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डाव्या कानाची नस दगा देतेय. औषध देते, पण सुधारेलच असं नाही. उजव्याचं सोमवारी सविस्तर तपासू."

म्हणजे उजवाही? शनिवारी दुपारी त्यांच्या नव्या रचनेचा पहिला प्रयोग होता, आणि सुरुवातीची दोन मिनिटं एकट्या बेसची, गजाने वाजवायची. रस्त्यात हॉर्न वाजला तरी ते दचकून थांबायचे: सूर एक की दोन? पानातलं तसंच टाकून उठायचे. शेवटी थोरल्या बहिणीने खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"आधी त्या बाईला फोन कर," अक्का म्हणाली. "उगाच रडवलंस तिला."

काकांनी फोन लावला. "तुमचा सूर बरोबर होता. माझाच कान गेलाय."

नर्सबाईने इस्पितळातल्यासारखं विचारलं, "कुठला?"

"डावा."

"शनिवारी मी पुढे बसते. उतरलात तर हात वर करीन."

शनिवारी काका डाव्या कानात कापूस घालून उभे राहिले. घामाने गज निसटत होता. पहिला सूर लागला, पण खर्ज कापसाला थोडाच जुमानतोय! तो हाडांतून डाव्या कानात पोचलाच. दोन सूर, आणि खरा कुठला ते कळेना. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. नर्सबाईचे हात मांडीवर स्वस्थ होते. रचनेच्या चौथ्या ओळीला तिचा उजवा हात इंचभर वर आला; काकांनी बोट पुढे सरकवलं. असं आणखी दोनदा झालं.

टाळ्या थांबल्यावर चौकडीतला पियानोवाला मित्र रंगमंचामागच्या खोलीत आला. "आज डोळे मिटले नाहीस तू. काय झालंय?"

'काही नाही' ओठांवर आलं होतं. काका खुर्चीत बसले, कापूस काढला आणि त्यालाही सांगितलं.

"सोमवारी मी येतो," एवढंच तो म्हणाला.

तपासणीच्या बंद खोलीत काका घामाघूम झाले. बारीक आवाज ऐकू येतोय की नुसता भास होतोय, ठरवता येईना. पण उजवा कान शाबूत निघाला. दर सहा महिन्यांनी मात्र दाखवायचा.

नर्सबाई वर्गात परत आली. आता काका रागावण्याआधी यंत्र पाहतात. आणि रोज सकाळी उठल्या उठल्या डावा कान दाबून, श्वास रोखून, नळाखाली बादली लावून उजव्यात सूर कालच्यासारखाच येतोय ना, ते ऐकत उभे राहतात.