भगवंतरावांची गोड विहीर

भगवंतरावांना अभिमान होता तो दोन गोष्टींचा, आणि दोन्ही त्यांच्या परसात होत्या. एक विहीर आणि दुसरा संडास. हसू नका, ऐका तर खरं.

वडनेर भोलजीच्या अलीकडच्या या गावात पाणी इतकं खारट, की डाळ शिजता शिजत नाही आणि चहा कपात यायच्या आधीच फाटतो. अशा गावात एकट्या भगवंतरावांच्या विहिरीला गोड पाणी लागलं. देवानं दिलंय, मी कोण अडवणारा, असं म्हणून त्यांनी अख्ख्या आळीला चाळीस वर्षं पाणी फुकट भरू दिलं. आता संडास. गावातला पहिला पक्का संडास त्यांचाच. त्याबद्दल सत्कार झाला होता, त्याचा फोटो बैठकीत देवांच्या फोटोशेजारी लावलेला होता. त्या संडासाचा खड्डा विहिरीपासून मोजून बारा पावलांवर. दोन मानाच्या वस्तू शेजारी शेजारी असल्या तर बिघडलं कुठं? खड्ड्यातलं विहिरीत झिरपत असेल, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आळीत पोरांना जुलाब लागले की दृष्ट काढायची, आणि नातू हर्षलला बारावीच्या ऐन परीक्षेत कावीळ झाली तेव्हा बाजारातल्या समोशांना शिव्या घालायच्या, अशी सगळ्यांची सोय होती.

डोक्यात आलं ते सुनेच्या. वंदना तिचं नाव. गावच्या पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण मिळालं, त्यात ती होती. पंचायतीनं तिला एक पेटी दिली, पेटीत बोटभर बाटल्या. बाटलीत पाणी भरायचं आणि एक दिवस, एक रात्र ठेवायची. पाणी काळं झालं तर त्यात घाण आहे, पिऊ नका. एवढं साधं. वंदनानं पहिली बाटली घरच्याच विहिरीची भरली, आणि दुसऱ्या दिवशी ती काजळासारखी काळी झाली.

बरं, वेळ कोणती, तर रविवारी तिच्या लेकीचं, प्रेरणाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मलकापूरचे किसनराव व्याही व्हायचे होते. पोरगी पाहायला आले होते तेव्हा या गृहस्थानं पोरीचं नाव विचारायच्या आधी तीन गिलास पाणी रिचवलं होतं. असं पाणी पिणारं घर वाईट असूच शकत नाही, असं म्हणून तिथंच सोयरिक पक्की केली होती. म्हणजे आता विहीर नासकी निघाली तर सोयरिकीचं काय, ही भगवंतरावांची धास्ती. आणि हेच पाणी शंभर पाहुण्यांना पाजलं तर काय, ही वंदनाची.

"मामाजी, रविवारी हे पाणी नाही पाजायचं," ती सासऱ्यांना म्हणाली. "दयारामले कॅन सांगते. नाहीतर उकळून तरी घेऊ."

दयाराम म्हणजे गावात गार पाण्याचे कॅन विकणारा. त्याचे कॅन आपल्या दारात उतरणं म्हणजे भर आळीत नाक कापून घेणं, असं भगवंतरावांनी तिला सुनावलं. उकळायची तर गोष्टच नको. उकळलं की पाण्याची गोडी मरते, हा त्यांचा शोध. जे पाणी काचेसारखं नितळ दिसतं आणि उसासारखं गोड लागतं ते घाण कसं असेल? बाटलीच खोटी असली पाहिजे, नाहीतर सुनेचा हात तरी. मग त्यांनी जाहीर केलं की दुसरी बाटली मी स्वतः भरीन, चार लोकांसमोर, आणि ती देवघरात राहील. वंदना बरं म्हणाली. तिला भांडण नको होतं, पाणी हवं होतं.

आता खरी गंमत. बोलून तर गेले, पण पुन्हा काळी झाली तर? दुपारी बाया हळद दळायला गेल्या तसे भगवंतराव गोठ्यात शिरले. जन्मात कधी चूल पेटवली नव्हती. अर्धी काडेपेटी संपली, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुरानं डोळे चुरचुरले, तेव्हा कुठं सरकी भिजवायच्या जर्मनच्या पातेल्यातलं पाणी उकळलं. जंतू-बिंतू सगळं थोतांड आहे यावर त्यांचा पक्का विश्वास होता, पण असलेच तर मरून जावेत, एवढी काळजी घ्यायला काय हरकत आहे? ही लबाडी नाही, आपण बिचाऱ्या विहिरीला एक संधी देतो आहोत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. निवलेलं पाणी तांब्यात घेऊन विहिरीकडून चक्कर मारून आले आणि दयारामसकट चौघांदेखत बाटली भरली. भगवंतरावांच्या हातातल्या तांब्यावर संशय घेईल असा माणूस गावात नव्हता.

शनिवारी देवघर उघडलं. बाटली जशीच्या तशी. आळीनं टाळ्या वाजवल्या, दयाराम गुपचूप सटकला. वंदना बाटली हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली, मग चुकलं असेल माझं, एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. भगवंतराव दिवसभर मिशीला पीळ देत फिरले. पण रात्रीचं जेवण काही त्यांना गेलं नाही. बाटली भरली कशानं, हे सगळ्या गावात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. कच्च्या पाण्यानं काळी, उकळलेल्यानं कोरी. सुनेला खोटं पाडायला गेले आणि तिचंच म्हणणं स्वतःच्या हातानं खरं करून बसले. आता हे सांगायचं कुणाला?

रविवारी मांडवात पाहुणे बसले. प्रेरणा हिरव्या शालूत, किसनराव पहिल्या खुर्चीवर, मांडीवर दोन वर्षांचा नातू. वंदना पाण्याचा ट्रे घेऊन आली. किसनरावांनी एक गिलास घटाघट संपवला, डोळे मिटून वा म्हणाले, आणि दुसरा उचलून नातवाच्या ओठाशी नेला. अस्सल पाणी कसं असते ते आत्तापासून कळू दे पोराले, असं चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले.

भगवंतरावांना काय झालं कोण जाणे. काविळीनं पिवळा पडलेला हर्षल डोळ्यांपुढं आला म्हणा, की काल न गेलेलं जेवण वर आलं म्हणा. ते ताडकन उठले आणि व्याह्याच्या हातातून गिलास ओढून घेतला. अर्धं पाणी नव्या धोतरावर. वाजंत्रीवालासुद्धा थांबला. पाहुण्याच्या हातातलं पाणी काढून घेणं या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं.

"पोराले नका पाजू," ते म्हणाले. "त्या बाटलीत म्या उकळेल पाणी भरलं होतं. सुनेची पयली बाटली खरी होती. माह्या हिरीत घाण हाय."

प्रेरणाची मान खाली गेली. चाळीस वर्षांचं नाव गेलं, सोयरिकही गेली, असं भगवंतरावांनी मनात धरून टाकलं, आणि त्यांना खूप लाज वाटली.

वंदना ट्रे घेऊन तशीच पुढं आली.

"मामाजी, पिऊ द्या पोराले. हे उकळेलच हाय. पहाटे उठून दोन डेगी उकळल्या म्या."

"तुले कसं कळलं?"

"बाटली काळी नाही झाली," ती हळूच म्हणाली, "पण गोठ्यातलं पातेलं बुडाले पार काळं झालं होतं."

मग सांगितलं काऊन नाही, असं त्यांनी विचारलं, तर चार लोकांत तुमची मान खाली कशाले घालू, म्हणाली. भगवंतरावांचे डोळे भरून आले. जी लाज सुनेनं झाकून ठेवली होती ती त्यांनी आपल्या हातानं मांडवात आणून ओतली होती.

एवढ्यात किसनराव खदखदा हसायला लागले. "तरीच," ते म्हणाले. "मागच्या बारीले तीन गिलास पेलो, अन् घरी जाऊन चार दिवस लोटा सोडला नाही. म्या स्टेशनावरच्या भजेवाल्याले शिव्या घालून राह्यलो होतो."

हसू आधी बायांत फुटलं, मग सगळ्या मांडवात पसरलं. किसनरावांनी ट्रेमधला नवा गिलास उचलून नातवाला पाजला आणि गंध लावायला घ्या म्हणून भटजींना खूण केली.

भगवंतरावांच्या हातात तो हिसकलेला गिलास तसाच होता. त्यांनी उरलेलं पाणी भीत भीत तोंडात घेतलं. गोडी तीच होती, तसूभर कमी नाही.

गिलास परत देताना ते सुनेला म्हणाले, "वंदना, पंचायतीत विचारून तो संडासाचा खड्डा किती लांब न्यायचा ते सांग. अन् मंग पुन्हा एक बाटली भरू." आणि वर म्हणाले, "या बारीले तूच भर."