ऑटोला खांदा
नेब्रास्कातल्या त्या गावच्या चर्चमध्ये इंग्रजी प्रार्थनेला चारच म्हातारी माणसं उरली होती. त्यातला ऑटो गेला, तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला कुणी मिळेना. चर्चच्या स्पॅनिश प्रार्थनेला येणारी शेजारची ओफेलिया त्याच्या बायकोला, व्हर्नाला म्हणाली, "आजी, आमची मांसाच्या कारखान्यातली पोरं येतील. आजोबांना कोणतं गाणं आवडायचं?"

व्हर्नाची मान खाली गेली. चर्चमध्ये त्यांची स्पॅनिश गाणी सुरू झाली की ऑटो तडक उठून जायचा.

"तुम्ही म्हणता तेच म्हणा," ती कशीबशी म्हणाली.

चर्च गच्च भरलं. गाण्यातला एकही शब्द तिला कळला नाही.

संध्याकाळी, बर्फामुळे येऊ न शकलेल्या मुलाचा फोन आला. "कोण कोण आलं होतं, आई?"

"सगळं गाव आलं होतं," ती म्हणाली. ओफेलिया सोडली तर त्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, हे तिने सांगितलं नाही.