तेलाचा हात

“रडू दे गं. रडल्याशिवाय अंग मोकळं होतं का कधी?” असं नातीला म्हणत इंदूबाईंनी खारीकचा मागचा पाय उचलला आणि तिरका ताणून पुढच्या पायाला टेकवला. खारीक किंचाळली.

खारीक म्हणजे त्यांची डॅशहुंड कुत्री. अंगानं लांबलचक, पायांनी बुटकी, रंग खारकेचा. मुलानं, नचिकेतनं, हौसेनं आणली आणि बदली झाल्यावर आईच्या गळ्यात घातली. सुरुवातीला इंदूबाईंनी त्याच्या नावानं बोटं मोडली. पुढं तिच्याशिवाय त्यांना घास गोड लागेना.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात खंडेराव गेटजवळच्या मराठी घरांतली बाळं इंदूबाईंच्या पायांवर न्हाऊनच मोठी व्हायची. बाळ नडग्यांवर पालथं घालायचं, तिळाचं तेल जिरवायचं, हातपाय तिरके ताणायचे. हिंदी शेजारणीसुद्धा ‘मराठी अम्मां’नाच बोलवायच्या. एवढा नावाजलेला हात, तो एका कुत्रीपुढं कशाला अडतोय!

त्या आठवड्यात खारीक दिवाणावर चढेना. पाठीची कमान करून थरथरत उभी राहायची. मग चालताना तिची मागची नखं फरशीवर घासू लागली. इंदूबाईंनी निदान करून टाकलं, वात.

“आजी, पंजा देखो ना, उलटा पड़ रहा है,” नीरजा म्हणाली. नचिकेतची ही मुलगी शिकायला आजीकडे राहिलेली. मराठी सगळं समजायचं, बोलणं मात्र हिंदीत. “डॉक्टर को दिखा लेते हैं.”

“तुझ्या बापाचे पाय फेंगडे होते लहानपणी. कोणी सरळ केले? डॉक्टरनं?”

त्या संध्याकाळी इंदूबाईंनी तेल आणखी कोमट केलं आणि जोर आणखी लावला.

सकाळी खारीक अर्धीच उठली. पुढचे पाय ओढत होते आणि मागचं अंग ओल्या फडक्यासारखं फरपटत येत होतं. इंदूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. रिक्षा करून दोघी नगरा भागात जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या.

डॉक्टरनं मागचा पंजा उलटा करून टेबलावर ठेवला. तो तसाच राहिला. मग त्यानं चिमट्यानं बोट जोरात दाबलं. खारीक निवांत भिंतीकडे बघत होती.

“दर्द का पता ही नहीं चल रहा इसे,” तो म्हणाला आणि तिच्या पाठीच्या मणक्यावर बोट ठेवलं. “इस नस्ल में रीढ़ की गद्दी खिसककर नस दबा देती है. पीठ की कमान, कूदना बंद, उलटा पंजा, यही शुरुआत है. तब तुरंत लाते, और हिलने नहीं देते, तो उम्मीद थी. किसी ने मालिश तो नहीं की?”

“नहीं सर,” नीरजा चटकन म्हणाली.

“मैंने की,” इंदूबाई म्हणाल्या. “पैर भी ताने. वो चिल्लाती रही, मैंने छोड़ा नहीं.”

डॉक्टरनं चिमटा खाली ठेवला. “अम्माजी, बिना छुए भी गद्दी फट जाती है,” तो हळूच म्हणाला. ते खरंही असेल. इंदूबाईंना त्यातलं अक्षरही पटलं नाही. आता खारीकला आपसूक लघवी होणार नाही, पोट हलकेच दाबून करवावी लागेल, हे त्यानं नीरजाला करून दाखवलं. इंदूबाईंनी हात पदराखाली घेतले होते.

घरी दुपारपर्यंत खारीकचं पोट तट्ट फुगलं. नीरजानं दोनदा दाबून पाहिलं आणि तिला रडू फुटलं.

“आजी, मुझसे नहीं हो रहा.”

“मी नाही हात लावणार तिला.”

“तो फिर कौन करेगा?”

इंदूबाई मोरीत पाय पसरून बसल्या. नीरजानं खारीकला जवळ ठेवताच ती पुढच्या पायांवर सरपटत त्यांच्या नडग्यांवर चढली आणि नेहमीसारखी मान टाकून पडून राहिली. ती गुरगुरली असती, चावली असती, तर बरं झालं असतं, असं इंदूबाईंना वाटलं. तिनं नुसते डोळे मिटले.

त्यांनी अलगद पोट चाचपलं, जागा सापडली, हलकेच दाबलं. गरम धार त्यांच्या पायांवरून वाहू लागली. थांबेपर्यंत त्यांनी पाय हलवले नाहीत.